दवाखाना घरी येतो तेव्हा: मानसिक संकटाचे दिवस घरात कसे काढायचे

टीम रोज एकदा यायची. चाळीस मिनिटं, फार तर तासभर. ती माणसं जिना उतरली की मी दार लावायचे आणि घड्याळाकडे बघायचे. पुढची खेप उद्या अकराला. मधले तेवीस तास आमचे.

मानसिक संकटात घरी येऊन उपचार करणाऱ्या टीमबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक त्या एका तासाबद्दल असतं: कोण येतं, काय विचारतं, कोणती गोळी देतं. मला लिहायचंय ते उरलेल्या तेवीस तासांबद्दल, आणि ते निभावेत म्हणून तो एक तास कसा वापरायचा याबद्दल.

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे: कधी उन्माद चढतो, कधी मन खोल खचतं. तीनदा मोठं संकट आलं. पहिल्यांदा रुग्णालय, नंतर दोनदा घर. हा लेख लिहून झाल्यावर मी त्याच्यापुढे ठेवला. त्यानं पेन घेऊन बरंच खोडलं, काही समासात लिहिलं. ‘तो म्हणतो’ असं जिथे येईल तिथलं म्हणणं त्याचं. एका ठिकाणी आमचं पटलं नाही, तेही तसंच ठेवलंय.

आधी हे: लेख बाजूला ठेवायची वेळ

कुणी स्वतःला इजा केली असेल, गोळ्या घेतल्या असतील, शुद्ध हरपत असेल, हातात काही धारदार असेल किंवा ‘आज संपवतो’ असं ठरवून बोलत असेल, तर घरी येणाऱ्या टीमची वाट बघू नका. जवळचा आपत्कालीन विभाग किंवा रुग्णवाहिका गाठा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. गोळ्या घेतलेला माणूस बोलता-चालता दिसतो म्हणून थांबू नका. काही औषधांचा परिणाम उशिरा दिसतो. बोलायला कुणी हवं असेल तर फोनवरची मदत चोवीस तास मिळते: भारतात टेलिमानस १४४१६, अमेरिकेत ९८८, इंग्लंडमध्ये १११ लावून दुसरा पर्याय. हे नंबर फोनमध्ये आजच घालून ठेवा. ऐन वेळी शोधताना बोटं थरथरतात.

१. घरी जमेल का, हे ठरवणं

डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले, ‘घरीच ठेवून बघू’, तेव्हा मला वाटलं, खाट रिकामी नाही म्हणून वाटेला लावतायत. तसं नसतं, निदान नेहमी नसतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात लेनर्ड स्टाइन आणि मेरी ॲन टेस्ट यांनी रुग्णालयातली माणसंच रुग्णांच्या घरी-वस्तीत पाठवून बघितली. इटलीत त्रिएस्त शहरात फ्रँको बसाग्लिया यांनी मोठं मनोरुग्णालय बंद करायला घेतलं. मनोरुग्णालयं बंद करायला सांगणाऱ्या १९७८ च्या कायद्यानंतर तिथे वस्तीतली, चोवीस तास उघडी असणारी, मोजक्या खाटांची केंद्रं उभी राहिली. इंग्लंडनं २००० साली देशभर अशा ३३५ टीम उभारायचं ठरवलं. लंडनच्या इस्लिंग्टन भागात २६० जणांवर झालेल्या एका चाचणीत (ती २००५ मध्ये छापून आली) घरी येणारी टीम मिळालेल्यांना पुढच्या आठ आठवड्यांत दाखल करावं लागण्याचं प्रमाण खूपच कमी निघालं. म्हणजे ‘घरी ठेवू’ ही बोळवण नव्हे, तो उपचारच आहे. फक्त त्याला घर लागतं.

आणि प्रत्येक घर त्या कामाचं नसतं. माणूस एकटा राहतो, घरात मारहाण चालते, भांडण घरातल्याच कुणाशी आहे, रुग्ण टीमला दार उघडत नाही, त्यानं खाणंपिणं सोडलंय, जीव द्यायचा बेत पक्का आहे: यातलं काही असेल तर ‘आम्ही सांभाळू’ असं फुशारकीनं म्हणू नका. नाही म्हणायला लाज वाटते, मला वाटली होती. पण न झेपणारं ओझं उचललं की ते मध्यरात्री खाली पडतं.

तो म्हणतो: मला घरी राहायचंय का, हे मला शेवटी विचारलं. आधी सगळ्यांनी एकमेकांना विचारून झालं होतं.

एक गोष्ट शरीराची. वागणं दोन दिवसांत एकदम पालटलं, त्यात वय झालेलं, मध्येच ओळख पटते मध्येच नाही, दिवस-रात्र कळत नाही, ताप आहे, डोक्यावर पडणं झालंय, साखरेचा आजार आहे किंवा रोजची दारू अचानक बंद झालीय, तर आधी शरीराचा डॉक्टर. जंतुसंसर्ग, उतरलेली साखर किंवा दारू तुटल्याचा त्रास हुबेहूब ‘डोक्याचा’ त्रास वाटू शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

२. पहिला फोन

फोन उचलणाऱ्याला तुमच्या माणसाचा स्वभाव ठाऊक नसतो. ‘तो फार विचित्र वागतोय हो’ यातून त्याला काहीच कळत नाही. फोन करण्याआधी कागदावर चार ओळी लिहा आणि त्याच वाचून दाखवा. मी दुसऱ्या संकटात लिहिलेल्या ओळी अशा होत्या:

चार रात्री मिळून पाच तास झोप. दोन दिवस गोळ्या बंद, असं स्वतःच सांगितलं. काल रात्री तीन वाजता चप्पल न घालता बाहेर गेला, तासाभरानं आला. पंख्यातून कुणीतरी ऐकतंय असं म्हणतो, पंखा खोलायला स्टुलावर चढला होता.

विशेषण एकही नाही. तास, दिवस, वेळ, कृती. त्याखाली: आधीचा आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, घरात कोण कोण, लहान मुलं आहेत का, आणि जिवाला धोका आहे असं तुम्हाला वाटतं का. हे शेवटचं त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

फोन ठेवण्याआधी तुम्ही विचारायचं: आज कुणी येणार का, किती वाजेपर्यंत, किती जण, तोवर आम्ही काय करायचं, आणि रात्री कोणत्या नंबरवर माणूस उचलतो. फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या. ‘कुणीतरी येईल’ हे उत्तर धरू नका. ‘किती वाजेपर्यंत नाही आले तर पुन्हा फोन करू?’ असं विचारलं की बहुतेक वेळा आकडा मिळतो.

आता माझी चूक. हा फोन मी बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून केला, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याला सगळं ऐकू गेलं. घरात आपल्यामागे कट शिजतोय असं ज्याला आधीच वाटतंय, त्याला मी पुरावाच दिला. टीमच्या पहिल्या भेटीतला अर्धा वेळ त्यातच गेला.

म्हणून फोन आधी सांगून करा. परवानगी मिळाली नाही तरी सांगा. ‘मला भीती वाटतेय, मी मदतीला फोन करतेय. तुला आवडणार नाही हे कळतंय.’ एवढं पुरतं. अपवाद एकच: सांगितल्यानं तुमच्या किंवा त्याच्या अंगावर काही येईल असं वाटलं तर आधी बाहेर पडा, मग फोन.

३. पहिली भेट

टीममध्ये सहसा नर्स, सोशल वर्कर, कधी मानसोपचारतज्ज्ञ असतात. दोघं येतात. गणवेश नसतो. शेजाऱ्यांना काय सांगायचं याची चिंता तुम्ही जितकी करता तितकी गरज नसते.

खोलीत सगळा गोतावळा बसवू नका. रुग्ण, त्याला चालेल असा घरचा एक माणूस, आणि टीम. बाकीचे आत. त्याला दाराजवळची खुर्ची द्या. कोंडल्यासारखं वाटलं तर उठून जाता आलं पाहिजे. टीव्ही बंद. औषधांची यादी सांगत बसण्यापेक्षा सगळी पाकिटंच एका डब्यात आणून समोर ठेवा, जुनी आणि अर्धवट उरलेली धरून. कुठली गोळी किती शिल्लक आहे यावरून नर्सला जे कळतं ते तुमच्या आठवणीतून कळत नाही.

मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. पहिली दहा मिनिटं तो बोलणार, चुकीचं बोलला तरी. ‘नाही नाही, तो असं नव्हता म्हणाला, खरं तर...’ हे वाक्य गिळा. फिनलंडच्या उत्तरेला, तोर्निओच्या परिसरात, याको सेइक्कुला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून एक पद्धत रुजवली. फोन आल्यापासून २४ तासांत पहिली बैठक, घरचे सुरुवातीपासून हजर, आणि उपचारांची कुठलीही चर्चा रुग्णाच्या पाठीमागे करायची नाही. डॉक्टर आपसातलं बोलणंही त्याच्यासमोरच बोलतात. तुमच्याकडे येणारी टीम त्या पद्धतीची नसली तरी घरच्यांना एवढं उचलता येतं.

पण त्याच्यासमोर बोलता न येणारंही काही असतं. तेव्हा जिन्यात कुजबुजू नका. सगळ्यांसमोर म्हणा, ‘मला माझ्या काळजीबद्दल पाच मिनिटं वेगळं बोलायचंय.’ इथे एक नियम माहीत असू द्या, बरेच जण याच दाराला अडतात. रुग्णाच्या संमतीशिवाय टीम तुम्हाला त्याची खासगी माहिती देऊ शकत नाही, म्हणून ती मंडळी ‘गोपनीयता’ म्हणतात आणि आपण हिरमुसतो. पण तुमचं ऐकून घ्यायला गोपनीयता आड येत नाही. आजाराची साधारण माहिती, घरी काय करावं, कुणाला फोन करावा, हेही ते सांगू शकतात. ‘मला काही सांगू नका, फक्त ऐका आणि लिहून घ्या,’ असं मी म्हणायला शिकले.

टीम उठायच्या आत पाच गोष्टी पक्क्या करून घ्या: पुढची भेट कधी, रात्रीचा नंबर कोणता, औषध कोण देणार आणि कोणाकडे राहणार, काय दिसलं तर लगेच फोन करायचा, आणि काय दिसलं तर घाबरायचं नाही. शेवटची कुणी विचारत नाही. नव्या गोळीनं दिवसभर झोप येणार आहे हे आधी कळलं तर तुम्ही दर दहा मिनिटांनी त्याच्या नाकाशी हात धरत नाही.

४. जीव देण्याबद्दल विचारणं

आपल्या भाषेत हा प्रश्न विचारायच्या शंभर पळवाटा आहेत. ‘वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ या वाक्यात उत्तर आधीच भरलेलं आहे: नाही. समोरचा तेच परत करतो आणि दोघांची सुटका होते. सरळ विचारा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हो म्हणाला तर: ‘कसा द्यायचा ते ठरवलंयस का? कधी?’ आवाज न चढवता, न रडता.

विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरतं, ही भीती खोटी आहे. २००५ साली अमेरिकेत दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांना आत्महत्येबद्दल थेट विचारलं त्यांचा त्रास किंवा असे विचार न विचारलेल्यांपेक्षा वाढले नाहीत. आधीपासून खचलेली मुलं उलट किंचित हलकी झाली.

तो म्हणतो: बहिणीनं विचारलं तेव्हा मला बरं वाटलं नाही, राग आला. पण दुसऱ्या रात्री तिला उठवता आलं, कारण शब्द आधीच उच्चारून झाला होता.

बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेला सुरक्षा-आराखडा टीमसोबत बसून एका पानावर लिहून काढा. त्याचे सहा टप्पे: विचार चढायला लागल्याच्या खुणा, एकट्यानं करता येईल असं काही, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी घरची-मित्रमंडळी, डॉक्टर आणि हेल्पलाइन, आणि घर सुरक्षित करणं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आपत्कालीन विभागांत केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा आराखडा आणि नंतरचे विचारपुशीचे फोन मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्मघातकी वर्तन सुमारे ४५ टक्के कमी दिसलं. पान भरताना पेन त्याच्याच हातात असू द्या. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

सहावा टप्पा घरच्यांचा. घरातली सगळ्यांची औषधं, तुमची रक्तदाबाची आणि साधी वाटणारी तापाचीही, कुलपात. टीमला एका वेळी दोन-तीन दिवसांचीच औषधं द्यायला सांगा. विषारी द्रव्यं, हत्यारं घराबाहेर. हे गुपचूप करू नका. ‘हे काही दिवस इथे नको’ असं सांगून करा. तीव्र लाट बहुधा काही वेळात ओसरते. तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं यानंच जीव वाचतो.

५. तेवीस तास

पहिल्या आठवड्यात मी एक दोनशेपानी वही केली. ‘२.१० उठला. ३.०० फेऱ्या. ५.४० पाणी प्यायला. ८.०० चिडला.’ टीमनं कौतुक केलं, आणि मी आणखी बारकाईनं लिहायला लागले. नवव्या दिवशी वही त्याच्या हाती लागली. त्यानं बसून सगळी वाचली आणि काही न बोलता माझ्या मांडीवर ठेवली.

तो म्हणतो: चाळीस पानांत माझं नाव एकदाही नव्हतं. उठला, जेवला, चिडला. आई नर्स झाली होती, बाबा वॉचमन झाले होते, ताई कारकून. घरी ठेवलं म्हणे. घरचं कुणी उरलंच नव्हतं.

या लेखातलं मला सांगायचं ते हेच. टीम घरी आली म्हणून घराचा वॉर्ड होऊ देऊ नका. नाही तर रुग्णालय काय वाईट होतं? तिथे निदान पाळी संपली की नर्स बदलते.

मग आम्ही वहीचं असं केलं. ती टेबलावर उघडी राहणार. डावं पान त्याचं, उजवं माझं. झोपेचे तास दोघांनी लिहायचे; आकडे जुळले नाहीत तर दोन्ही राहू द्यायचे. टीम आली की आधी डावं पान वाचायची. त्याच्या पानावर एकदा नुसतं ‘पंखा. पण कमी’ एवढंच होतं. माझ्या अख्ख्या पानापेक्षा नर्सला त्यातून जास्त कळलं.

दुसरं, पाळ्या लावल्या. कोण किती तास जागणार एवढंच नाही, तर आज ‘नर्स’ कोण आणि ‘घरचं’ कोण. ज्याच्याकडे त्या दिवशी नर्सचं काम, त्यानंच गोळी द्यायची, त्यानंच झोपेचं विचारायचं. बाकीच्यांना गोळीचा ग काढायला बंदी. बाबांना सुरुवातीला हे पोरकट वाटलं. त्यांचा दिवस ‘घरचा’ असला की काय बोलावं तेच त्यांना सुचेना. शेवटी दोघं पत्ते खेळत बसले, भांडलेही पत्त्यांवरून. खरं भांडण, आजाराचं नव्हे.

यामागे संशोधनही आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी सुरू केलेलं काम पुढे नेत ख्रिस्तीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १९७६ मध्ये दाखवलं की स्किझोफ्रेनियातून (भास आणि संशयाचा गंभीर मानसिक आजार) सावरून घरी परतलेल्या माणसाचा आजार उलटण्याचं प्रमाण कुठे सगळ्यात जास्त होतं: घरात टोचून बोलणं, रोष किंवा जीव गुदमरवणारी अतिकाळजी आहे आणि आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर बसणं आहे, तिथे. घरच्यांमुळे आजार होतो, असा याचा अर्थ नाही. पण दोन माणसांनी दिवसभर एकमेकांचं तोंड बघत बसणं औषध नव्हे. धोका जास्त आहे म्हणून टीमनं सतत जवळ राहायला सांगितलं असेल ते दिवस वेगळे. तेव्हाही माणसं बदलत राहा. एरवी दार लोटलेल्या खोलीत त्याला तासभर एकटं असू द्या. तुम्हीही घराबाहेर पडा, आणि परत येताना अपराधी चेहरा करून येऊ नका.

भास आणि संशय यांच्याशी वाद घालू नका, होला होही म्हणू नका. पंख्यातून कुणी ऐकत नाही हे मी अर्धा तास पटवून दिलं, तेव्हा तो मलाच त्यांच्यात धरायला लागला. नर्सनं वेगळं केलं. ‘मला तसं ऐकू येत नाही. पण तुम्हाला भीती वाटतेय हे दिसतंय. आत्ता काय केलं तर बरं वाटेल?’ तो म्हणाला, पंखा बंद करा. बंद केला. उकडलं सगळ्यांना, बस.

झोप सगळ्यात मोलाची, विशेषतः उन्माद चढत असताना. संध्याकाळनंतर दिवे मंद, फोन दुसऱ्या खोलीत, चहा-कॉफी दुपारपर्यंतच, रात्री गंभीर बोलणं नाही. सलग दोन रात्री झोप कमी झाली तर सकाळची वाट न बघता टीमला कळवा.

गोळ्यांबद्दल घरच्यांना माहीत हवं असं थोडं. काही औषधांनी आतून अशी तगमग सुटते की एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात. आपल्याला वाटतं आजार वाढला, आणि आपण आणखी गोळी मागतो. खरं तर तो औषधाचाच त्रास असू शकतो. ‘अस्वस्थ आहे’ असं न सांगता ‘बसता येत नाही, हे कोणत्या गोळीनंतर सुरू झालं’ असं सांगा. लिथियम (बायपोलरवरचं एक औषध) चालू असेल आणि जुलाब-उलट्या झाल्या, पाणी पोटात जात नसेल, हात मोठे मोठे थरथरत असतील, तोल जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि रक्ताची तपासणी. अंगदुखीची आयब्युप्रोफेनसारखी गोळी लिथियमसोबत विचारल्याशिवाय देऊ नका. मनाच्या औषधांवर असताना अंग ताठ होऊन जोराचा ताप चढला तर थेट आपत्कालीन विभाग. आणि चोरून चहात गोळी घालणं नको. कळतंच कधी तरी, आणि मग चहाही जातो आणि गोळीही.

घरात लहान मूल असेल तर त्याला खरं सांगा, त्याला पेलेल इतकं. ‘मामा आजारी आहे, त्याला झोप येत नाही, ताई-दादा त्याला मदत करायला येतात, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही.’ शेवटचं वाक्य विसरू नका.

६. रोज नवा चेहरा

अशा सेवेतून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते. आमच्याकडे तीन आठवड्यांत अकरा वेगवेगळी माणसं आली. पाळ्यांची नोकरी आहे, त्यांचाही इलाज नसतो. पण आपल्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी रात्र अकरा वेळा सांगायची म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

उपाय एक पान. ते त्यानं लिहिलं, मी फक्त टाइप केलं: ‘मला काय झालंय. काय पुन्हा विचारू नका. काय विचारलेलं चालेल. मला कोणत्या नावानं हाक मारा.’ नवं माणूस दारात आलं की आधी ते पान हातात. बहुतेकांनी उभ्या उभ्या वाचलं आणि मग बसले. एकानं न वाचता पिशवीत घातलं. त्या दिवशीची भेट सात मिनिटांत आटोपली.

शिवाय पहिल्याच आठवड्यात मागून घ्या: एक ठरलेलं माणूस, ज्याच्याकडे धागा राहील आणि जे आठवड्यातून निदान दोनदा येईल. येण्याची वेळ ‘सकाळी’ अशी नको. दोन तासांची खिडकी मागा, उशीर झाला तर फोन मागा. भेटीत नुसती गोळ्यांची हजेरी घेतली जात असेल तर त्यानं स्वतः म्हणावं, ‘आज पाच मिनिटं दुसरं काही बोलूया.’ टीमनं विचारलेला कुठला प्रश्न सगळ्यात उपयोगी पडला, असं मी त्याला विचारलं. त्याचं उत्तर: ‘हा फोटो कुठला?’

इथे आमचं पटलं नाही. मला वाटतं, तक्रार लेखी आणि लगेच करावी. तो म्हणतो, संकट चालू असताना तक्रार केली की येणारी माणसं जपून वागायला लागतात आणि जपून वागणारं माणूस कामाचं नसतं, नंतर करावी. तुम्ही तुमचं ठरवा.

७. घरी जमेनासं झालं तर

दाखल करावं लागलं तर घर हरलं असं नव्हे. तो आपणहून जायला तयार असेल तेव्हाच गेलेलं बरं. सक्ती करावी लागण्याइतकं थांबू नका. टीमसमोर त्याला सांगा: किती दिवसांचा अंदाज, भेटायला कोण येणार, फोन जवळ ठेवता येईल का. पिशवी त्याला भरू द्या. वही आणि ते एक पान पिशवीत गेलंच पाहिजे.

८. टीम जाते तेव्हा

या टीम सहसा काही आठवड्यांपुरत्या असतात. आमचा निरोप फोनवर झाला, एका मंगळवारी, दोन मिनिटांत. तो बरा दिसत होता, म्हणून. त्यानंतरचे चार दिवस संकटातल्या कुठल्याही दिवसापेक्षा वाईट गेले, कारण घड्याळात अकरा वाजायचे आणि कुणी यायचं नाही.

निरोपाची तारीख निदान आठवडाभर आधी मागा. भेटी एकदम न थांबवता विरळ करायला सांगा: रोज, मग दिवसाआड, मग एक फोन. पुढच्या डॉक्टरांची भेट ठरल्याशिवाय आणि औषधाची चिठ्ठी हातात असल्याशिवाय निरोपाच्या कागदावर सही करू नका. रुग्णालयातून सुटलेल्यांसाठी तर पहिले काही दिवस आणि आठवडे सगळ्यात धोक्याचे, म्हणूनच इंग्लंडमध्ये ७२ तासांच्या आत कुणीतरी भेटावं असा दंडक आहे. तुमच्याकडे तसा नसेल तर तो तुम्हीच मागून लावून घ्या.

त्याच आजारातून गेलेलं, आता सावरलेलं आणि या कामाचं प्रशिक्षण घेतलेलं माणूस भेटतंय का बघा. इंग्लंडमध्ये संकट-टीमच्या सेवेतून बाहेर पडणाऱ्या ४४१ जणांवरची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांना सावरण्याची एक वही दिली होती. निम्म्यांना ती नुसती टपालानं गेली. निम्म्यांसोबत असं अनुभवी माणूस दहापर्यंत वेळा बसलं. वर्षभरात पुन्हा तातडीची सेवा लागली ती पहिल्या गटात ३८ टक्क्यांना, दुसऱ्यात २९ टक्क्यांना. वही तीच, फरक सोबत बसणाऱ्याचा.

महिना-दोन महिन्यांनी, सगळं शांत असताना, पुढच्या वेळेचा आराखडा करा. चढत असल्याच्या त्याच्या खुणा, चालणारी आणि न चालणारी औषधं, कोणाला बोलवायचं, पैशाचं आणि फोनचं काय करायचं. काही देशांत अशा आगाऊ सूचनेला कायद्याचा आधार आहे. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो दिला. पण नुसत्या कागदावर विसंबू नका. दक्षिण इंग्लंडमध्ये १६० जणांवरच्या चाचणीत (२००४) रुग्ण आणि डॉक्टरांनी मिळून केलेल्या आराखड्यानं सक्तीनं दाखल करणं कमी झालं. नंतर ५६९ जणांवर मोठी चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल आला, आणि फरक दिसलाच नाही. बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांनी त्या बैठकीत जीवच ओतला नव्हता, असं त्या कामातून पुढे आलं. म्हणून आराखडा करताना डॉक्टर समोर हवेत, आणि दर सहा महिन्यांनी तो कागद काढून वाचायला हवा.

आमच्या आराखड्याला दोन रकाने आहेत: घरच्यांनी काय करायचं आणि काय नाही करायचं. पहिला रकाना आम्ही सगळ्यांनी मिळून भरला, दीड पान झाला. दुसरा त्यानं एकट्यानं भरला. त्यात चार ओळी आहेत. पहिली अशी: ताईनं नळ सोडून फोन करायचा नाही.